पोलिसांची गोळी आणि परमुलुखातील साक्षीदार

माझगावात मूळचा कोण, हा प्रश्न विचारावयाचाच झाला तर त्याचे उत्तर देण्याचा अधिकार कोळ्यांना आणि म्हातारपाखाडीतील ईस्ट इंडियन कुटुंबांना आहे. लोकमान्यांच्या खांद्याला खांदा लावून होमरूलची चळवळ चालविणारे आणि ह्या देशातील कामगार संघटनेच्या पायाभरणीत ज्यांचा हात होता ते काका बॅप्टिस्टा ह्याच पाखाडीतले. बाकीचे आपण सारे बाहेरून आलेलो. गोदीच्या आणि गिरण्यांच्या ओढीने कोकणातला चाकरमानी आला, गोव्याचा खलाशी आला, नवाब टँकच्या बाजूस १९१९ च्या सुमारास आपले देऊळ उभारणारा चिनी दर्यावर्दी आला आणि उत्तर प्रदेश-बिहारचा हमाल व भट्टीवाला आला. कोणी शंभर वर्षांपूर्वी आला, कोणी मागच्या होळीनंतर. एवढाच काय तो फरक. तेव्हा पोलिसांच्या गोळीने मेलेला माणूस ‘इथला नव्हता’ असे कोणी म्हणू लागला, तर निदान माझगावकराने तरी त्या शब्दांनी समाधान मानू नये.

माझगावहून डोंगरी ओलांडून महंमद अली रोडवर उतरले की मिनारा मशिदीच्या परिसरात सुलेमान उस्मान बेकरी लागते. ९ जानेवारी १९९३ रोजी भर दुपारी ह्या बेकरीत आणि तिच्या लगतच्या मदरशात पोलिसांचे विशेष पथक शिरले. दंगलीचा दुसरा टप्पा ऐन भरात होता. गच्चीवरून स्वयंचलित बंदुकांनी गोळीबार होत आहे, असे पोलिसांचे म्हणणे होते. तत्कालीन सहपोलीस आयुक्त रा. द. त्यागी हे त्या कारवाईचे प्रमुख. पथक बाहेर आले तेव्हा आत प्रेते पडली होती. मृतांचा आकडा कोठे आठ दिला जातो, कोठे नऊ. एखाद्या बँकेच्या हिशेबात एका रुपयाची तफावत राहिली तर कारकुनास घरी जाऊ देत नाहीत. येथे एका माणसाची तफावत तीस वर्षे चालून गेली आहे.

बेकरीतील कामगार बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेले होते. मुंबईचा लादी पाव कोण भाजतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ह्यात नवल वाटणार नाही. भट्टीचा कामगार जेथे काम करतो तेथेच निजतो. मैद्याच्या पोत्यांशेजारी त्याची वळकटी असते, पोटमाळ्यावर त्याची पत्र्याची पेटी असते. शहरात दंगल पेटली, संचारबंदी लागली, म्हणजे इतर माणसे घरी जातात. ह्याला जावयास घर नसते. तो बेकरीत का होता, ह्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे की तो आणखी कोठे असणार?

त्या झडतीत स्वयंचलित बंदूक तर सोडाच, साधी बंदूकही सापडली नाही. न्यायमूर्ती श्रीकृष्ण ह्यांच्या आयोगाने पोलिसांची हकीकत विश्वासार्ह मानली नाही आणि दोषी पोलिसांवर कारवाईची शिफारस केली. जे कामगार आणि विद्यार्थी वाचले, त्यांच्यापैकी अनेकांना मात्र त्याच दिवशी पकडून त्यांच्यावरच दंगलीचे आरोप ठेवण्यात आले होते. म्हणजे साक्षीदार व्हावयाचे ते प्रथमच आरोपी झाले. दुसऱ्याच दिवशी वडाळ्याच्या हरी मशिदीत झालेल्या गोळीबाराची कथा ह्याहून वेगळी नाही. तेथे जखमी झालेला बँकेतील एक साधा कर्मचारी दंगलखोर म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिला आणि २००९ साली, म्हणजे सोळा वर्षांनी, निर्दोष सुटला.

ह्या साऱ्याची व्याप्ती समजण्यास आयोगाचेच आकडे पाहावेत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ ह्या दोन टप्प्यांत मिळून ९०० माणसे मेली. त्यांपैकी ३५६ पोलिसांच्या गोळीबारात मेली. भोसकून मेलेल्यांची संख्या ३४७ आहे. दंगलीत सुरी आणि कोयता घेऊन हिंडणाऱ्यांनी जेवढे मारले त्याहून नऊ अधिक सरकारी काडतुसांनी मारले. ह्या ३५६ मध्ये खरोखरीच जाळपोळ करणारे, चालून येणारे असतील. काही ठिकाणी गोळीबार टाळता येण्याजोगा नव्हता, हेही मान्य केले पाहिजे. पण कोणते प्रसंग टाळता येण्याजोगे होते आणि कोणते नव्हते, हे ठरवावयाचे कोणी आणि कधी? मृतांच्या माणसांचा सवाल तो आहे, आणि तो अतिशय साधा आहे. गोळी कोणी झाडली? कोणाच्या हुकमाने? त्या क्षणी समोरच्याच्या हातात काय होते? त्याला जिवंत पकडता आले नसते काय?

ह्या चार प्रश्नांऐवजी पोलिसांच्या गोळीबारानंतर नेहमी पाचवाच प्रश्न पुढे ढकलला जातो: मेलेला कोण होता?

हे मुंबईपुरते नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात गिनी देशातून आलेला अमादू डियालो हा तरुण आपल्याच घराच्या दारात उभा होता. साध्या वेषातील चार पोलिसांनी त्याच्यावर ४१ गोळ्या झाडल्या. त्याच्या हातात पैशाचे पाकीट होते. चौघेही पुढच्या वर्षी निर्दोष सुटले. जुलै २००५ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत झां शार्ल द मेनेझिस हा ब्राझीलचा वीजतंत्री दहशतवादी समजून ठार मारला गेला. पहिल्या दिवशी वर्तमानपत्रांतून आले की तो जाड कोट घालून आला होता, अडथळ्यावरून उडी मारून पळाला होता. दोन्ही गोष्टी खोट्या निघाल्या. पण त्या खोट्या निघेपर्यंत साऱ्या जगाने त्या वाचल्या होत्या. कोणाही पोलिसावर व्यक्तिशः खटला झाला नाही. पोलीस दलाला २००७ साली दंड झाला तो आरोग्य व सुरक्षा कायद्याखाली, जणू काही एखाद्या कारखान्यात यंत्राचे पाते उघडे राहिले होते! गोळीबारानंतरची पहिली गोष्ट पोलीस सांगतात, कारण तेथे बोलता येणारे तेच उरलेले असतात. परका माणूस मेलेला असला तर ती गोष्ट खोडणारा शेजारी नसतो, नातलग दूर असतात, भाषा येत नसते. कुर्ल्यालाही हेच घडले.

२७ ऑक्टोबर २००८ रोजी कुर्ल्यात बेस्टच्या दुमजली बसमध्ये राहुल राज हा पाटण्याचा तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्याच्यापाशी गावठी पिस्तूल होते, त्याने प्रवाशांना धमकावले होते, एक प्रवासी जखमीही झाला होता. बेकरीतील कामगाराशी त्याची बरोबरी करण्याचा हेतू नाही. आठच दिवसांपूर्वी रेल्वेच्या परीक्षेस आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मुंबईत मारहाण झाली होती आणि हा मुलगा त्याचा सूड घेण्याच्या गोष्टी बोलत होता. पण बस वेढली गेल्यावर त्याला जिवंत पकडण्याचा प्रयत्न किती झाला, हा प्रश्न त्याच्या अपराधाने मिटत नाही. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील ह्यांनी चौकशीपूर्वीच पोलिसांची पाठराखण केली आणि गोळीला गोळीनेच उत्तर मिळेल असे बजावले. तिकडे नितीशकुमार, लालूप्रसाद आणि पासवान ह्या एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या तिघांनी चौकशीची मागणी केली. झाले! दोन दिवसांत तो प्रश्न बिहार विरुद्ध महाराष्ट्र असा होऊन बसला. पाटण्यात तो हुतात्मा झाला, मुंबईत तो गुंड झाला, आणि किती अंतरावरून किती गोळ्या झाडल्या गेल्या हा नीरस तपशील दोघांनाही नकोसा झाला. बेकरीवाल्यांना निदान हे भाग्य लाभले नाही. त्यांच्यासाठी लखनौहून कोणी मुख्यमंत्री भांडावयास आला नाही.

मराठी माणसाने येथे थोडे थांबून आपला इतिहास आठवावा. संयुक्त महाराष्ट्रासाठी नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा मारले गेलेले बहुतेक गिरणगावातले, चाळींतले, कोकण-घाटावरून पोट भरावयास आलेले होते. सरकारच्या लेखी तेही दंगलखोरच होते. त्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे, ही मागणी आपण केली. ती झाली नाही. अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना चिंतामणराव देशमुखांनी लोकसभेत जी कारणे सांगितली, त्यांत ही चौकशी नाकारल्याचा सल होता. देशमुखांचे ते करणे आपण अभिमानाने सांगतो आणि हुतात्मा चौकात दर वर्षी फुले वाहतो. मग १९९३ च्या मृतांची माणसे तीच मागणी करतात तेव्हा ती आपल्याला परकी का वाटावी?

आता खटल्याकडे वळू. आयोगाचे काम सेना-भाजप सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळले आणि दडपण आल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू केले. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. मुख्यमंत्री मनोहर जोशी ह्यांनी तो हिंदुविरोधी ठरवून नाकारला. चौकशी आयोगाच्या कायद्याखाली असा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, ही त्यातली गोम. दरम्यानच्या काळात श्री. त्यागी मुंबईचे पोलीस आयुक्त होऊन गेले होते. १९९९ मध्ये अहवालाच्या अंमलबजावणीचे आश्वासन देऊन काँग्रेस आणि राष्ट्रवादीचे सरकार आले. विशेष पथक नेमले गेले. २००१ मध्ये त्यागी आणि इतर सतरा जणांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने पुरेसा पुरावा नाही म्हणून त्यागी व आणखी आठ जणांना आरोपमुक्त केले.

न्यायालयाला तसे वाटले तर तो त्याचा अधिकार आहे आणि पुढे उच्च न्यायालयाने २००९ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निर्णय कायमही केला. आमची तक्रार न्यायालयाबद्दल नाही, सरकारबद्दल आहे. ज्या सरकारने खुनाचा आरोप ठेवला, त्याने त्या निर्णयावर अपीलच केले नाही. ते केले मदरशातील एका शिक्षकाने. स्वतःच्या खिशातून, स्वतःच्या वकिलांनिशी, राज्याचे काम एका साध्या माणसाने वरच्या न्यायालयांपर्यंत नेले. आणि उरलेल्या कनिष्ठ पोलिसांविरुद्धचा खटला? घटनेस पंचवीस वर्षे उलटून गेली तरी त्यातील साक्षी पुऱ्या झालेल्या नव्हत्या. वरच्यांची नावे वगळली गेली आणि आरोपीच्या पिंजऱ्यात राहिले ते हुकमाचे ताबेदार. हेही शेवटी सातारा-सांगलीच्या कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले, पोलीस लाइनीत दहा बाय बाराच्या खोलीत संसार करणारी. कामगाराच्या पोराने कामगाराच्या पोरावर गोळी झाडावी आणि जबाबदारी मात्र वर चढताना जिन्यातच अडकावी, ही ह्या व्यवस्थेची जुनी रीत आहे.

पण खटला का रेंगाळतो, ह्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपल्या पुरोगामी वर्तुळातही फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. आपली सारी फौजदारी पद्धत असे धरून चालते की माणसाला एक कायमचा पत्ता असतो. समन्स पत्त्यावर जाते. जबाब पत्त्यासकट लिहिला जातो. वीस वर्षांनी शिपाई तोच कागद घेऊन जातो आणि ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत येतो. भट्टीच्या कामगाराचा पत्ता म्हणजे ती भट्टी. ती बदलली, मालक बदलला, दंगलीच्या धसक्याने तो गावी गेला, तेथून सुरतेस किंवा भिवंडीस गेला, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तो नाहीसाच झाला. तो साक्षीस आलाच तर दोन दिवसांचा रेल्वेप्रवास, मजुरी बुडते, निजावयास कोणाच्या तरी ओसरीचा आधार शोधावा लागतो आणि येथे आल्यावर कळते की तारीख पुढे गेली. असे दोनदा झाले की तिसऱ्यांदा कोण येईल? ‘साक्षीदार उलटला’ असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा तो उलटलेला नसतो, दमलेला असतो.

माझ्या म्हणण्याचा पुरावा घाटकोपरला आहे. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहाजण मारले गेले. जमाव गॅसचा टँकर पेटवावयास निघाला होता, ही तेथील ‘पहिली गोष्ट’. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या मनोहर कदम ह्या फौजदारास दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. बारा वर्षे लागली. उशीर कमी नाही. पण खटला तडीस गेला. तोच महाराष्ट्र, तीच पोलीस यंत्रणा, मग फरक कशाचा? रमाबाई नगरातील माणसेही बहुतेक बाहेरगावची, दुष्काळाने आणि जातीच्या जाचाने गाव सोडून आलेली. परंतु त्यांची वस्ती होती. घरे होती, बुद्धविहार होते, चळवळ होती, कवी आणि शाहीर होते. साक्षीदाराला शोधावयास शिपायाला दुसऱ्या राज्यात जावे लागत नव्हते. पुढच्या गल्लीत हाक मारली की तो येत होता. बेकरीच्या कामगारांपाशी जिद्द कमी होती असे नाही, त्यांच्यापाशी वस्ती नव्हती.

म्हणून ह्या प्रश्नाकडे केवळ धर्माच्या चष्म्यातून पाहणे पुरेसे नाही. बेकरीतील माणसे मुसलमान म्हणून संशयित ठरली आणि म्हणूनच मारली गेली, हे झाकण्याचे कारण नाही. पण मारली गेल्यानंतर त्यांना न्याय मिळाला नाही तो ती मुसलमान होती म्हणून जितका, तितकाच ती उपटसुंभ मजूर होती म्हणूनही. राहुल राज हिंदू होता. त्याचे प्रश्नही तसेच हवेत विरले.

आणि हे सारे जुने झाले, असे समजण्याची सोय आज नाही. २०२५ च्या जून महिन्यात पश्चिम बंगालमधील काही मजुरांना महाराष्ट्रात पकडून, बांगलादेशी ठरवून, सीमेपलीकडे ढकलण्यात आले आणि ते भारतीयच असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. ज्याला भाषेवरून असे उचलले जाऊ शकते, तो उद्या पोलिसाविरुद्ध साक्ष देण्यास पोलीस ठाण्याची पायरी चढेल काय?

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. १९९५ ते १९९७ ह्या तीन वर्षांत मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यावरून लोकस्वातंत्र्य संघटनेने लढविलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा निर्देश दिले. गुन्हा नोंदवावा, तपास त्या पथकाने नव्हे, तर गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पोलिसांनी करावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी प्रत्येक वेळी व्हावी, नातलगांना लवकरात लवकर कळवावे, घटनेपाठोपाठ शौर्यपदके आणि बढत्या देऊ नयेत. निर्देश उत्तम आहेत. पण शेवटचा निर्देश वाचून पाहावा. ही पद्धत पाळली गेली नाही असे कुटुंबास वाटले तर त्याने घटना जेथे घडली तेथील सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करावी. म्हणजे गोंड्याच्या खेड्यातील आईने मुंबईच्या सत्र न्यायालयात येऊन सांगावयाचे की तुमच्या पोलिसांनी कलम पाळले नाही! येथेही पुन्हा तोच कायमच्या पत्त्याचा माणूस गृहीत धरलेला.

ह्यावर करता येण्याजोगे पुष्कळ आहे. त्याला क्रांतीची वाट पाहावयास नको. पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला की मृताच्या कुटुंबास त्याच्या जिल्ह्यातूनच, तेथील विधी सेवा प्राधिकरणामार्फत, तक्रार करता आली पाहिजे आणि वकील सरकारी खर्चाने मिळाला पाहिजे. परगावच्या साक्षीदाराचा जबाब त्याच्या जिल्हा न्यायालयातून दृक्श्राव्य पद्धतीने घेता येतो. खंडणीच्या खटल्यांत धनिकांसाठी आणि परदेशी साक्षीदारांसाठी ही सोय वापरली जाते, ती पाववाल्यासाठी का नको? पोलिसाला आरोपमुक्त केले गेले तर अपील करावयाचे की नाही, हा निर्णय गृहखात्याच्या फायलीत गुपचूप होऊ नये; अपील न करण्याची कारणे विधिमंडळासमोर लेखी ठेवण्याचे बंधन असावे. आणि साक्षीदाराची बुडालेली मजुरी त्या दिवशीच, कोर्टाच्या आवारातच, रोख मिळावी.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर आपल्या कामगार संघटनांनी एक काम हाती घ्यावे. माझगाव, डोंगरी, भायखळा ह्या पट्ट्यातील भट्ट्या, गोदामे, लोखंडाची दुकाने आणि बांधकामे येथे राबणाऱ्या माणसांची संघटनेची यादी आपल्यापाशी असते. तीत मुंबईतला पत्ता असतो. त्याच्या शेजारी गावाचा पत्ता, तेथील एका नातलगाचे नाव आणि फोन लिहिण्यास एक रकाना वाढवावा. उद्या असा प्रसंग आलाच तर पहिल्या आठवड्यातच वकिलासमोर जबाब लिहून घ्यावेत आणि त्यांच्या प्रती संघटनेच्या कपाटात ठेवाव्यात. यादीतला हा रकाना येत्या सभासद नोंदणीपासूनच सुरू करता येईल.